कंपनीत, शेजारात प्रभूविषयी बोलायचं तरी कसं?

नगरकर_चाकण:
सर्वांना सलाम. मी नगर जिल्ह्यातला, सध्या चाकणला कंपनीत शिफ्ट ड्युटीला आहे. आमच्या चर्चच्या तरुण संघात साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहिलो की पंधरा मिनिटं सहज बोलतो. पण परवा कॅन्टीनला बाजूच्या मशीनवरचा मित्र म्हणाला, तुम्ही रविवारी नेमकं करता काय रे, आणि मी आपला तारण, पापक्षमा, वधस्तंभ असं सुरू झालो, तो भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता बघत राहिला आणि मग हूटर झाला. त्याला धर्म बदलायला लावायचं माझ्या मनातही नाही, पण ज्याच्यावर मी जगतो ते जवळच्या माणसाला सांगता येऊ नये याचं फार वाईट वाटलं. तुम्ही कसं बोलता?

वसईची_लेक:
दादा, हा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि इथली माणसं पुराण ऐकतात हे बघून त्यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, 1616 ला रायतूरला छापलं. स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलंय त्यात! तुमचे ते तीन शब्द चर्चच्या दाराबाहेर कोणी बोलत नाही. त्याऐवजी तुमच्या घरात काय बदललं ते सांगा ना.

मावशी_सातारा:
बाळा, आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार नावाची ख्रिस्ताच्या अनुयायांची मंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं कीर्तन लागलं की आमच्या गल्लीतल्या बायका अजूनही ओट्यावर येऊन बसतात, त्यांना बोलवावं लागत नाही. आणि नाताळला करंज्या-शंकरपाळ्याचं ताट द्यायला जाशील तेव्हा दारातून परत फिरू नकोस, आत बस, त्यांचंही ऐकून घे.

वारीवाला_पुणे:
मी ख्रिश्चन नाही, आमच्या घरात माळ आहे, तरी लिहितो. वडील आयसीयूत होते तेव्हा एका ओळखीच्या माणसाने बाहेरच्या बाकड्यावर माझ्या हातात पत्रक ठेवलं आणि विश्वास ठेवला तर बरे होतील म्हणाला. इतका राग आला होता मला, अजून आठवलं तरी येतो. त्याच आठवड्यात ऑफिसातली एक ताई रोज डबा आणायची, शेवटच्या दिवशी तिने विचारलं, काकांसाठी प्रार्थना केली तर चालेल का? मी हो म्हटलं. तिने डोळे मिटून वडिलांचं नाव घेतलं, दोन वाक्यं बोलली, बास. वडील गेले नंतर. पण येशूबद्दल मला काही विचारावंसं वाटलं तर मी तिलाच विचारतो.

मावशी_सातारा:
वारीवाले दादा, वाचून डोळे भरले. ते पत्रकाचं जे झालं त्याबद्दल आमच्या वतीने माफी मागते. घटनेच्या कलम 25 ने आम्हाला आमचा धर्म सांगायचा हक्क दिलाय, पण ज्याचा बाप आत झुंजतोय त्याच्यापुढे असं बोलणं ही प्रभूची रीत नव्हे.

नगरकर_चाकण:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नाइटला मित्राला एवढंच सांगितलं की माझे पप्पा दारू प्यायचे, आणि आई रोज पहाटे चुलीपुढे बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, सहा वर्षं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, सुटली का? म्हटलं हो. आता रविवारी आईच्या हातचं जेवायला घरी येतोय.