मुक्त शाळेची दहावी ‘खरी’ दहावी का नाही?

कोथरूडकर: भाच्यानं नववीत शाळा सोडली, गॅरेजात लागला, आता एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी करतोय. घरात एकच सूर: त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून राज्य बोर्डाच्या परीक्षेला बस, निदान बोर्डाचं सर्टिफिकेट मिळेल. मला हे निव्वळ नाकं मुरडणं वाटतं. एनआयओएस केंद्र सरकारची, १९८९ पासूनची संस्था. पाच वर्षांत नऊ संधी, पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. दिवसभर पाना हातात धरणाऱ्या पोराला आणखी काय हवं? कागदाला मान्यता सारखी, मग वागणूक का नाही?

फळा_खडू: मी हायस्कूलला गणित शिकवते. मान्यता सारखी असेल, अभ्यास सारखा आहे का? तिथे किमान पाच विषय, त्यात एक भाषा हवी, बाकी यादीतून निवडा. गणिताला हात न लावता दहावी होता येतं. पास व्हायला आमच्याकडे ३५, तिथे ३३. शिवाय रोज वेळेवर येणं, न आवडणाऱ्या बाईंचंही ऐकणं, गॅदरिंगला पडदा ओढणं, हे तीन तासांच्या पेपरात कुठे दिसणार?

लातूर_एक्स्प्रेस: बाई, बारावी सायन्सचं बोला. नाव कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. आदल्या रात्री एकाच्या जर्नलवरून दहा जण उतरवतात, सह्या मागच्या तारखांच्या. कॉलेज आणि क्लासच्या या संगनमताला टाय-अप म्हणतात. २०१८ मध्ये सरकारनं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली, ती काय हौस म्हणून? हा पठ्ठ्या ‘रेग्युलर’, आणि हाताचं ग्रीस धुऊन पुस्तक उघडणारा म्हणे ‘बाहेरून’.

फळा_खडू: टाय-अप बंदच व्हायला हवेत. पण हजेरी खोटी लागते म्हणून हजेरीलाच किंमत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

ओहायोची_आत्या: इथे अमेरिकेत हाच वाद जीईडीवरून, म्हणजे शाळेच्या डिप्लोमाऐवजी बाहेरून देता येणाऱ्या परीक्षेवरून. शिक्षण अर्धवट टाकून महायुद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये ही परीक्षा निघाली. आता चार विषय, १०० ते २०० च्या मोजपट्टीवर प्रत्येकात १४५ लागतात. गंमत बघा, तेच लष्कर आज भरतीत शाळेचा डिप्लोमा पहिल्या श्रेणीत धरतं आणि जीईडी दुसऱ्या, कारण जीईडीवाले मुदतीआधी नोकरी जास्त सोडतात. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांचंही म्हणणं तसंच: डोकं डिप्लोमावाल्यांच्या जवळपास, कमाई मात्र शाळा सोडलेल्यांसारखी, कमी पडते ती चिकाटी. फळा_खडू अगदीच हवेत बोलत नाहीयेत.

लातूर_एक्स्प्रेस: आत्या, ते इकडे जसंच्या तसं चिकटवू नका. आमच्या बीडची ऊसतोड मजुराची पोर दिवाळीच्या सुमाराला कोयत्याबरोबर कारखान्यावर जाते, परतते उन्हाळ्यात. धाकट्याला सांभाळून, पाचट गोळा करून वर दहावीला बसली, तर चिकाटी कमी कुणाची?

एलसी_कुठंय: वाद चालू द्या, मी खिडकीवरचं सांगते. मुलगी एनआयओएसची, अकरावीचा प्रवेश. मी मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट पुढे केलं, तर क्लार्कनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा तेच, “हे ठीक आहे हो, पण एलसी? शाळा सोडल्याचा दाखला?” मेडिकललाही तीच तऱ्हा. २०१८ मध्ये मेडिकल कौन्सिलनं मुक्त शाळेच्या मुलांना नीट या प्रवेश परीक्षेला अपात्र ठरवलं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी ती अट उडवली, पण सर्वोच्च न्यायालयात प्रकरण निकाली निघायला २०२४ उजाडलं. त्या सहा वर्षांत ज्यांची बारावी झाली त्यांनी काय करायचं होतं? मान्यता आहे हो, पण ती दर खिडकीवर आपणच सिद्ध करायची.

कोथरूडकर: एलसीचं बरं सांगितलंत, नववीचा दाखला आजच शोधायला लावतो. सतरा नंबरचा विचार आम्हीही केला होता, पण त्यात सगळ्या विषयांना एकदम बसायचं, आणि याला सुट्टी फक्त सोमवारी. फळा_खडू, गणित घेतोय बरं का तो! आयटीआयच्या मोटर मेकॅनिकला दहावीत गणित-विज्ञान लागतं.

फळा_खडू: मग झालं की. मी वारज्यात राहते, सोमवारी संध्याकाळी पाठवा. फी नको, पण सहा म्हणजे सहा.