बहुवर्षीय फुलझाडांच्या वाफ्यात आच्छादन कशाचे आणि केव्हापर्यंत ठेवावे?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत काळ्या मातीचा लांबट वाफा असून त्यात मोगरा, अनंत, जास्वंद, निशिगंध आणि सोनटक्का अशी कायमची फुलझाडे आहेत. मार्चपासून माती तडकू लागते आणि ऐन बहरात मोगऱ्याच्या कळ्या सुकून गळतात. जवळच्या रसवंतीतून उसाचे चिपाड हवे तेवढे मिळते, शिवाय आवारातला पाचोळाही आहे. यांपैकी काय अंथरावे, थर किती असावा आणि पावसाळ्यात तो काढावा की ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (सातारा)

काळ्या मातीला आच्छादनाचा फायदा फार मोठा होतो, कारण ओल टिकली की ती आकसत नाही आणि भेगा पडून मुळ्या तुटत नाहीत. मात्र कोरड्या मातीवर आच्छादन घालू नये. आधी हलक्या हाताने भेगा बुजवून वाफा खोलवर भिजवावा आणि मगच २ ते ३ इंचांचा थर द्यावा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडणे अत्यावश्यक आहे. ओला पाचोळा खोडाला टेकून राहिला, तर साल मऊ पडते आणि तिथूनच बुरशी शिरते. ताज्या चिपाडात साखर असते, त्यावर मुंग्या येतात आणि ते आंबते. म्हणून ते पसरून कडक उन्हात वाळवावे व शक्य असल्यास कोयत्याने बारीक करावे. चिपाड कुजताना जमिनीतले नत्र खाते, त्यामुळे खाली शेणखताचा पातळ थर द्यावा.

प्रतिसाद (रत्नागिरी)

पावसाळ्याबद्दल सरसकट नियम लावू नये, असे माझे ठाम मत आहे. निशिगंधाच्या कंदांना साचलेली ओल मुळीच सोसत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचे आच्छादन मृगाच्या आधीच पूर्ण बाजूला ओढावे आणि माती उंच करून पाण्याला वाट द्यावी. सोनटक्क्याचे उलट आहे: त्याला दमट, पाचोळ्याने झाकलेली जमीनच मानवते, त्यामुळे तिथला थर तसाच राहू द्यावा. मोगरा आणि अनंत यांच्याभोवती तो निम्मा करावा. आमच्याकडे जाड, ओल्या थराखाली गोगलगाई दडतात आणि रात्री कोवळी पाने कुरतडतात. तुमच्याकडे पाऊस कमी असला, तरी संध्याकाळी थर उचलून पाहण्याची सवय ठेवावी.

प्रतिसाद (नाशिक)

नत्राच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. चिपाड किंवा भुसा मातीत मिसळला, तरच नत्राची टंचाई खरोखर जाणवते. नुसता वर पसरला, तर तिचा परिणाम अगदी वरच्या पातळ थरापुरता राहतो. जास्वंद आणि अनंत यांच्या चांगल्या रुजलेल्या झाडांना सहसा त्याचा त्रास होत नाही, पण नुकत्याच लावलेल्या रोपांना होऊ शकतो. म्हणूनच बहुवर्षीय वाफ्यात जुने आच्छादन खणून आत घालू नये. ते जागेवरच कुजू द्यावे आणि वरून नव्याची भर घालावी. खणण्याने मोगऱ्याच्या पृष्ठभागालगतच्या बारीक मुळ्याही तुटतात.

थराखाली पांढरे तंतू दिसले, तर घाबरू नये. ती पाला कुजवणारी बुरशी असते आणि झाडाला अपाय करीत नाही. वाळवी मात्र वेगळी. तिच्या मातीच्या नळ्या खोडावर चढताना दिसल्या, तर तेवढ्या भागातील आच्छादन काढून माती उघडी ठेवावी.

वाफ्यात लव्हाळा असेल, तर तो आच्छादनाने मरेल अशी अपेक्षा धरू नये. त्याचे टोकदार कोंब पाचोळाच काय, प्लास्टिकचा कागदही भेदून वर येतात. बाकीचे बियांपासून उगवणारे तण उजेड न मिळाल्याने बरेच कमी होते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र माती भिजवून मऊ झाल्यावर हाताने काढाव्यात आणि त्यानंतरच पहिला थर द्यावा.

प्रश्नकर्ता (पुणे)

मनःपूर्वक आभार. निशिगंधाच्या ओळीत लव्हाळा आहेच, म्हणून तिथून सुरुवात करतो. चिपाड आजच गच्चीवर वाळत घातले आहे.