काळं स्फॅलेराइट आणि गॅलेना ओळखायचं कसं?

दगडधोंडे: एमएस्सी पहिलं वर्ष. लॅबमध्ये राजस्थानातल्या रामपुरा आगुचा खाणीतल्या धातुकाचा नमुना मिळालाय, सगळाच काळपट नि चमकणारा. पुस्तकात स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड) मधासारखं पिवळं-तपकिरी दाखवलंय, इथे तसलं काहीच नाही, मग जस्त आहे कुठे? आणि शिसं-जस्त नेहमी जोडीनंच का सापडतात?

कसवटी: रंगावर अजिबात जाऊ नकोस. स्फॅलेराइटमध्ये जस्ताच्या जागी लोह शिरतं, जितकं जास्त तितकं ते काळं. कस बघ. बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर घासलं की गॅलेनाची, म्हणजे शिशाच्या सल्फाइडची, रेघ शिशासारखी करडी येते, स्फॅलेराइटची मात्र ते वरून कितीही काळं असलं तरी पिवळट-तपकिरीच. घासल्याघासल्या नाक जवळ ने, सडक्या अंड्यासारखा वास येईल, मला पहिल्यांदा आला तेव्हा काय आनंद झाला होता!

अश्मयात्री: पाटनही, म्हणजे खनिज कुठल्या पातळ्यांवर फुटतं तेही, बघ ना. गॅलेना काटकोनात फुटतं, भिंगातून बारीक पायऱ्या दिसतात. स्फॅलेराइटची चमक राळेसारखी. विशिष्ट गुरुत्व गॅलेनाचं ७.५, स्फॅलेराइटचं ४, शुद्ध तुकडा असेल तर हातातच कळतं.
जोडीचं म्हणशील तर दोन्ही धातू खाऱ्या गरम पाण्यात क्लोराइडला धरून फिरतात, आणि त्या पाण्यात सल्फाइड फारसं नसतं म्हणूनच फिरू शकतात, नाहीतर वाटेतच खाली बसले असते. पुढे कुठेतरी सल्फाइड भेटलं की दोघांचाही साका. तांब्याला जास्त तापलेलं पाणी लागतं, म्हणून ते सहसा मागेच राहतं.

दगडधोंडे: घासलं, तपकिरी आली!! वासपण आला. पण मध्येमध्ये गोलसर खडे अडकलेत ते कसले?

कसवटी: वा! आगुचात जस्त शिशाच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे काळं ते बहुतेक स्फॅलेराइटच. खड्यांचं असं की हे धातुक नंतर खोलवर भाजून दाबलं गेलंय. सल्फाइडं आजूबाजूच्या खडकापेक्षा मऊ, दाबाखाली ती लगद्यासारखी वाहतात आणि क्वार्ट्झचे नि खडकाचे तुकडे त्यात लोळून लोळून गोल होतात. मला या धातुकातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हीच वाटते.

अश्मयात्री: सरांना विचारून एक चकती पॉलिश करून घे. गॅलेनात त्रिकोणी खड्डे दिसतील, ते एकदा बघितलेस की परत कधी चुकणार नाहीस.