मदत हवी आहे: ३१५ किलोवॅटची मोटर, २२० मीटर केबल. स्टार्टिंगला टर्मिनलवर व्होल्टेज किती धरायचं?

मंडळी, आयडी फॅनची (धूर बाहेर ओढणारा पंखा) मोटर आहे. ३१५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, चार पोल. फुल लोड करंट ५२० अँपिअर, डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजवर) स्टार्टिंग साडेसहा पट, म्हणजे ३३८५ च्या आसपास. ट्रान्सफॉर्मर १६०० केव्हीए, ११/०.४३३ केव्ही, इम्पिडन्स ६ टक्के, त्यावर आधीचा सहाशेएक अँपिअर लोड. पॅनेल ते मोटर २२० मीटर, साडेतीन कोर ३०० चौ.मिमी. अ‍ॅल्युमिनियम एक्सएलपीईचे (इन्सुलेशनचा प्रकार) दोन रन (समांतर केबल).

डीरेटिंग (तापमान, मांडणी यांमुळे घटणारी केबलची क्षमता) धरूनही दोन रन करंटला पुरतात. मोटर चालू असताना व्होल्टेज ड्रॉप साडेतीन टक्के येतो, मर्यादा ५ ची आहे, तिथेही तक्रार नाही. घोडं अडलंय ते स्टार्टिंगला.

ऑफिसची एक्सेल शीट ३३८५ अँपिअर आणि ०.२५ पॉवर फॅक्टर धरून केबलमध्ये साडेपंधरा टक्के ड्रॉप दाखवते. ट्रान्सफॉर्मरचे साडेनऊ त्यात मिळवले की टर्मिनलवर उरतात ७५ टक्के. आमचे साहेब ८० च्या खाली सही करत नाहीत. पण मी मोटरला ०.०७०८ ओहमचा इम्पिडन्स समजून ट्रान्सफॉर्मर, केबल, मोटर अशी सिरीज मांडली, तर ८१ टक्के येतात. एवढा फरक कसा? सल्लागार म्हणतात, सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवणारं उपकरण) घाला आणि विषय संपवा. केबलवाला म्हणतो तिसरा रन टाका (तो म्हणणारच). कुणाचं ऐकावं?

प्रतिसाद

तुमचं गणित बरोबर, शीट घाबरट. रोटर थांबलेला असताना मोटर म्हणजे जवळजवळ ठराविक इम्पिडन्स असतो. टर्मिनलवर व्होल्टेज पडलं की करंटही त्याच प्रमाणात पडतो. ३३८५ हा आकडा टर्मिनलवर पूर्ण ४१५ असतील तरचा, तुमच्याकडे प्रत्यक्षात २७०० च्या आसपासच जाईल. शिवाय शीट ४१५ पासून वजाबाकी सुरू करते, ट्रान्सफॉर्मर मात्र नो-लोडला ४३३ देतो. सहा टक्क्यांचा फरक या दोन गोष्टींतून आला.

बसबारवरचं (पॅनेलमधली सामाईक पट्टी) व्होल्टेज वेगळं तपासा. मोटरच्या टर्मिनलवर ८० चालतील, पण त्याच बसवर बाकीचे फीडर आहेत. तुमच्या आकड्यांवरून बस ३९० च्या पुढेमागे राहील, म्हणजे ९४ टक्के. आयईसी मानकाप्रमाणे काँटॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच) कॉइलच्या ८५ टक्के व्होल्टेजला ओढायला हवा, आणि एसी कॉइल ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान सुटते. तेव्हा बाकीचे फीडर ढप्प होणार नाहीत. फक्त या फॅनचं कंट्रोल सप्लाय मोटरच्या टोकाकडून घेऊ नका, पॅनेलमधूनच घ्या.

केबलबद्दल एक. ३०० ऐवजी ४०० चौ.मिमी. घेऊन स्टार्टिंगला फारसं हाती लागत नाही. एवढ्या कमी पॉवर फॅक्टरला ड्रॉपमध्ये रिअ‍ॅक्टन्सचा वाटा मोठा, आणि तो जाडी वाढली तरी किलोमीटरला ०.०७ ओहमच्या आसपासच राहतो. समांतर रन वाढवला तर रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स दोन्ही उतरतात. तिसऱ्या रनने तुम्ही ८५ पर्यंत जाल. केबलवाला इथे स्वार्थापोटी का होईना, खरं बोलतोय. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज वाढवायचा मोह मात्र टाळा, लोड कमी असताना बस डोक्यावर चढेल.

सॉफ्ट स्टार्टर घातला की विषय संपत नाही. करंट साडेतीन पटीवर बांधला तर मोटरला ५४ टक्के व्होल्टेज मिळतं आणि टॉर्क उरतो २९ टक्के. डॅम्पर (हवेची झडप) बंद नसेल तर फॅन मध्येच लटकेल आणि रोटर तापत बसेल. स्टार-डेल्टाला तर टॉर्क तिसऱ्या हिश्श्यावरच येतो. व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) गोष्ट वेगळी, पण ती केवळ स्टार्टिंगसाठी घेऊ नये, वेग कमी-जास्त करायचा असेल तर जरूर घ्या.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. पण व्होल्टेजवरच का थांबलात? फॅनला पूर्ण वेगाला यायला किती वेळ लागतो आणि मोटरचा हॉट स्टॉल टाइम (गरम मोटर न फिरता किती वेळ तग धरते) किती, हे कुणीच विचारलं नाही.

धागाकर्ता

फॅनवाल्याने पूर्ण व्होल्टेजला ९ सेकंद दिलेत, डॅम्पर बंद ठेवून. मोटरच्या डेटाशीटवर हॉट स्टॉल १२ सेकंद.

प्रतिसाद

९ आणि १२ पाहून निर्धास्त होऊ नका. ८१ टक्के व्होल्टेजला टॉर्क ६६ टक्के. नुसतं तेवढंच धरलं तरी ९ चे साडेतेरा होतात, आणि फॅनचा टॉर्क काही कमी होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. करंटही ८१ टक्क्यांवर आल्याने १२ चे साधारण १८ होतात, ही जमेची बाजू. मधली जागा चिंचोळी आहे. मोटरवाल्याकडून ८० टक्के व्होल्टेजचा टॉर्क-स्पीड कर्व्ह मागवा, त्यावर फॅनचा कर्व्ह टाका आणि मग वेळ काढा. रिलेची लॉक्ड रोटर सेटिंग (रोटर अडकला तर किती वेळाने मोटर बंद करायची) त्या वेळेच्या वर आणि थर्मल विदस्टँड कर्व्हच्या (मोटर किती वेळ उष्णता सोसते) खाली बसली पाहिजे. दोन रनवर ती बसत नसेल तर तिसरा टाका.

धागाकर्ता

कर्व्हसाठी आजच मेल टाकतो. साहेबांना शीटऐवजी सिरीजवालं गणित दाखवतो, तिसऱ्या रनसाठी ट्रेंचमध्ये जागा आहे का तेही मोजून ठेवतो.