हेग्राच्या थडग्यावरील लेख: शाप की दस्त?

सीनाकाठ (सोलापूर): सौदी अरेबियातील हेग्रा, म्हणजे मदाइन सालिह, येथे नबातियन या प्राचीन अरब लोकांनी वालुकाश्मात कोरलेली शंभराहून अधिक थडगी आहेत. त्यांपैकी कमकम आणि तिची मुलगी कुलैबत यांच्या थडग्यावरील लेखाचा अनुवाद नुकताच वाचनात आला. चौथा अरेटास या नबातियन राजाच्या नवव्या वर्षातला, म्हणजे इसवी सनपूर्व 1 च्या सुमाराचा हा लेख, थडगे विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला, गहाण ठेवणाऱ्याला किंवा त्यातून मृतदेह बाहेर काढणाऱ्याला दुशरा, अल्लात, मनोतू या देवतांचे शाप देतो. हा आपल्या गद्धेगाळासारखाच, म्हणजे गाढव आणि स्त्रीचे चित्र कोरलेल्या शापाच्या दगडासारखाच, प्रकार समजावा काय?

शिळावाचक: साम्य आहे, पण वरवरचे. गद्धेगाळ बहुधा दानाच्या जमिनीला पुढच्या सत्ताधाऱ्याने हात लावू नये म्हणून उभा केला जाई, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही धाक बसावा म्हणून त्यावर ते ओंगळ चित्र कोरले जाई. इथे मालमत्ता दोन बायकांची खासगी आहे, आणि देवांच्या शापावर न थांबता लेख राजाच्या नाण्यांत एक हजार सेला (सेला हे नाण्याचे नाव) असा दंडही सांगतो. (आपल्या हत्तरसंग-कुडलचा शके 940 चा लेख मात्र वाचणाऱ्याला विजयाचा आशीर्वाद देतो, हे सोलापूरकराने विसरू नये.)

दस्तलेखक: माझा जन्म खरेदीखते लिहिण्यात गेला, म्हणून मला शापापेक्षा त्यानंतरचे कलम महत्त्वाचे वाटते. कमकमच्या किंवा तिच्या मुलीच्या हातचा लेखी कागद जो दाखवील त्याला हे निर्बंध लागू नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दफनाचा हक्कही दोघींना आणि त्यांच्या वंशजांनाच आहे. विक्री, गहाण, बक्षीस ही एकेक वाट नाव घेऊन बंद करायची आणि मालकाच्या लेखी संमतीची एकच फट ठेवायची, हे काम मसुदा करणाऱ्या माणसाचे आहे, भाविकाचे नव्हे.

सीनाकाठ: कागद होताच, तर मग तेच पुन्हा दगडावर कशासाठी कोरले?

शिळावाचक: नबातियनांची राजधानी पेट्रा (आजच्या जॉर्डनमध्ये) येथील तुर्कमानिया थडग्याचा लेख पाहावा. त्यात दालने, अंगण, बागा, पाण्याची टाकी असा सारा तपशील आहे, पण मालकाचे नाव कुठेच नाही, आणि व्यवहार दुशराला अर्पण केलेल्या वस्तूंच्या दस्तांप्रमाणे व्हावा, असे म्हटले आहे. मूळ दस्त अन्यत्र जपलेले असत. दारावरचा लेख येणाऱ्याजाणाऱ्याला बजावण्यासाठी असे.