मदत हवी आहे : आमच्या घरगुती खेळात ग्वाल्हेर स्टेशन ज्याच्या हाती, तोच जिंकतो

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहतो. सासूबाई, चुलत सासरे (त्यांना सगळेच काका म्हणतात), दीर, जाऊबाई, कॉलेजात जाणारा पुतण्या आणि आमची दहा वर्षांची मुलगी, अशी सगळी मंडळी रात्रीच्या जेवणानंतर पट मांडून बसतात. व्यापार, सापशिडी आणि अष्टाचम्मा खेळून झाल्यावर पुतण्याने असे सुचवले की, बाजारातले खेळ पुरे झाले, आता आपल्या गावचा एखादा खेळ आपणच बनवावा. विषय शोधत बसावे लागले नाही, कारण काकांची सगळी नोकरी रेल्वेत गेली आहे आणि आमच्याकडे ‘छोटी लाइन’ म्हटले की काकांना थांबवणे कोणाच्याच हातात राहत नाही.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर दरबाराने दोन रुळांमध्ये दोनच फुटांचे अंतर असलेली स्वतःची रेल्वे बांधली. ग्वाल्हेरहून भिंडकडे आणि शिवपुरीकडे जाणारे फाटे १८९९ मध्ये सुरू झाले आणि तिसरा फाटा टप्प्याटप्प्याने वाढत १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. शिवपुरीची छोटी लाइन पुढे बंद पडली, भिंडची मोठी झाली. श्योपूरची गाडी मात्र २०२० पर्यंत सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, बीरपूर अशी सुमारे दोनशे किलोमीटर धावत होती आणि तिच्या टपावर बसून गेलेली माणसे आमच्या ओळखीत आजही पुष्कळ आहेत. (महाराजांना आगगाडीचे वेड किती होते, हे पाहायचे असेल तर जयविलास महालाच्या संग्रहालयात जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची गाडी आहे. आमच्या मुलीच्या मते तोच खरा खेळ.)

आमचा पट म्हणजे पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढलेला या तीन फाट्यांचा नकाशा आहे. प्रत्येक खेळाडूची एक गाडी असते. गाडी किती घरे पुढे जाईल हे चार कवड्या टाकून ठरते. एक, दोन, तीन किंवा चार कवड्या उताण्या पडल्या तर तितकेच दान आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ, म्हणजे अष्टाचम्म्याचाच हिशेब. शिलाईच्या डब्यातली बटणे हा आमचा माल : पिवळी बटणे भिंडची मोहरी, करडी शिवपुरीची फरशी, तांबडी श्योपूरची लाकडी खेळणी. माल ग्वाल्हेरला आणून उतरवला की पैसे मिळतात. वाटेतली स्टेशने विकत घेता येतात आणि दुसऱ्याची गाडी आपल्या स्टेशनात थांबली तर तिच्याकडून भाडे घेता येते. काकांच्या आग्रहाने एक नियम अगदी खऱ्या रेल्वेसारखा ठेवला आहे : रूळ एकेरी आहे, त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. स्टेशनात एक लूप असतो, एक गाडी त्यात उभी राहते आणि दुसरी सरळ निघून जाते. दोन स्टेशनांच्या मध्ये गाठ पडली तर एकीने मागे गेलेच पाहिजे.

आता अडचणी सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, तिन्ही फाटे ग्वाल्हेरलाच येऊन मिळत असल्यामुळे ज्याने सुरुवातीला ग्वाल्हेर विकत घेतले त्याला प्रत्येकाकडून, प्रत्येक फेरीत भाडे मिळत राहते. अर्ध्या तासात निकाल लागलेला असतो आणि उरलेला वेळ बाकीचे केवळ उपचार म्हणून कवड्या टाकत बसतात. ग्वाल्हेरची किंमत दुप्पट करून पाहिली, पण मग पहिले मोठे दान ज्याला पडते तो ते घेतो, एवढाच फरक झाला.

दुसरी अडचण क्रॉसिंगची. परवा कैलारस आणि सबलगढच्या मधल्या घरांत दिरांची आणि जाऊबाईंची गाडी तोंडाला तोंड लावून उभी राहिली. दिरांच्या गाडीत तांबड्या बटणांची चळत होती, जाऊबाईंची गाडी रिकामी होती, आणि तरीही दोघांपैकी कोणीही मागे जायला तयार होईना. काकांनी दोन्ही गाड्यांच्या मध्ये बोट ठेवून, कंट्रोलरूममध्ये बसल्यासारखे, “कैलारसचा लूप मोकळा आहे, डाउन गाडीने मागे जावे” असा हुकूम सोडला (डाउन म्हणजे ग्वाल्हेरहून निघालेली, जाऊबाईंची), तेव्हा कुठे खेळ पुढे सरकला. नियम खरा आहे आणि गंमतही त्यातच आहे, परंतु मागे जाणाऱ्याचे निव्वळ नुकसान होते, म्हणून कोणी जात नाही.

तिसरी, वेळ. पाच जण खेळायला बसलो तर अडीच तास सहज लागतात आणि मुलगी पेंगू लागते.

कृपया सुचवताना आमच्या अटी लक्षात घ्याव्यात. नकाशा बदलायचा नाही, कारण नसलेला फाटा दाखवलेला काकांना चालणार नाही. कवड्या काढायच्या नाहीत, कारण फासे आणले तर सासूबाई खेळणार नाहीत, आणि त्या नसतील तर खेळाला रंग येत नाही. शेवटपर्यंत कोणीही बाद होऊ नये. एवढे सांभाळून हा खेळ सव्वा-दीड तासात संपेल आणि चुरस टिकेल, असे काही करता येईल का?

प्रतिसाद १

आपली तिसरी अडचण आधी घेतो, कारण तिचे उत्तर गणितात आहे. कवडी उताणी पडण्याची शक्यता अर्धी धरली (खऱ्या कवडीत ती थोडी कमी-जास्त असते), तर चार कवड्यांच्या १६ शक्यतांपैकी ४ मध्ये एक, ६ मध्ये दोन, ४ मध्ये तीन, एकात चार आणि एकात आठ असे दान पडते. सरासरी दान अडीच. श्योपूरपर्यंत आपण किती घरे आखली आहेत हे लिहिलेले नाही, पण ती चाळीसच्या आसपास असतील तर एका बाजूच्या प्रवासाला सोळा दाने, जाऊन-येऊन बत्तीस, आणि पाच खेळाडूंची मिळून एकशे साठ. एका दानाला एक मिनिट लागले तरी अडीच तास उलटून जातात. मधली घरे कमी करावीत. नकाशात स्टेशने महत्त्वाची आहेत, त्यांच्यामधली घरे नव्हेत. दोन स्टेशनांत दोन-तीन घरे पुरे.

पुढे निघालेला खेळाडू पुढेच राहणे हा दोष आपल्या खेळात व्यापारच्या घराण्यातून आला आहे. त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतील लिझी मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेला खेळ. जमिनीची मालकी एका हाती एकवटली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना दाखवून देणे हा त्यांचा उद्देशच होता. म्हणजे तेथे जो परिणाम मुद्दाम साधला होता, तो आपण नकळत घरात आणला आहे. भाडे आणि मालकी ठेवाल तोवर किंमती वर-खाली करून फारसा उपयोग होणार नाही. ‘पॉवर ग्रिड’ या जर्मन खेळात सर्वांत पुढे असलेल्या खेळाडूला कच्चा माल सर्वांत शेवटी, म्हणजे महाग झाल्यावर विकत घ्यावा लागतो. तसा क्रम लावून पाहावा : ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसे त्याने फेरीत आधी माल उचलायचा.

प्रतिसाद २

मी इंदूरला असतो आणि मुलांबरोबर असे कागदी खेळ बनवण्याचा नाद मलाही आहे. मला वाटते, काकांना ‘खरी रेल्वे’ हवी आहे हेच आपल्या मदतीला येईल. आपण स्वतःच लिहिले आहे की ती रेल्वे दरबाराची होती. मग ग्वाल्हेर स्टेशन कोणा एका व्यापाऱ्याने विकत घेणे इतिहासाला धरून नाही, आणि गाडीही खेळाडूची असू शकत नाही. खेळाडूंना आडते करा. पटावर चार-पाच सामायिक गाड्या ठेवा, प्रत्येकाने आपल्या खुणेचा माल त्यांत चढवावा आणि दान पडेल त्याने हवी ती गाडी पुढे न्यावी. एकाच गाडीत माझाही माल आहे आणि तुमचाही, त्यामुळे ती अडली तर दोघांचे नुकसान.

क्रॉसिंगचा नियम मुळीच सोडू नका, तो या खेळाचा प्राण आहे. फक्त थांबणाऱ्याला काहीतरी मिळू द्या. जी गाडी लूपमध्ये उभी राहील तिच्यात त्या स्टेशनाचे एक बटण फुकट चढवता यावे. म्हणजे कोण थांबणार यावरून भांडण होण्याऐवजी थांबण्यासाठीच चढाओढ लागेल. लूपमध्ये मात्र एकच गाडी मावेल असे ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. घरे चाळीस नाहीत, अडतीस आहेत, त्यामुळे हिशेब तंतोतंत लागू पडला. काल रात्री स्टेशनांमधली घरे खोडून दोन-दोन केली आणि गाड्या सामायिक केल्या. काकांनी “दरबाराची गाडी” हे शब्द वाचले आणि मालकीचा नियम स्वतःच्या हाताने कापून टाकला, तेव्हा पहिल्या अडचणीचा प्रश्नच मिटला. लूपमध्ये फुकट बटण मिळते म्हटल्यावर सासूबाई सबलगढला मुद्दाम गाडी थांबवून बसू लागल्या. आठचे दान पडले तरी “माझी गाडी लूपमध्ये आहे, मी दुसरी चालवीन” असे म्हणून त्यांनी पुतण्याचा सगळा बेत उधळला. खेळ दीड तासाच्या आत आटोपला.

आता एक नवीनच गोष्ट निघाली आहे. ज्या गाडीत कोणाचाच माल नाही किंवा एकाचेच एखादे बटण आहे, ती चालवायला कोणी राजी नसते. भिंडच्या टोकाला अशी एक गाडी जवळजवळ शेवटपर्यंत उभी होती आणि त्या फाट्यावरची मोहरी तशीच पडून राहिली. रिकामी गाडी हलवण्यात खेळाडूला काय लाभ ठेवावा?

प्रतिसाद २ (पुन्हा)

लाभ दरबाराकडून द्या. रिकामी गाडी एका स्टेशनातून पुढच्या स्टेशनात नेणाऱ्याला तिजोरीतून एक नाणे. त्याखेरीज फेरीअखेरीस जे बटण पडून राहिले असेल त्याचा ग्वाल्हेरमधला भाव एकाने वाढवा. तीन फेऱ्या भिंडकडे कोणी फिरकले नाही तर मोहरी इतकी महाग होईल की रिकामी गाडी घेऊन धावण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. भावाची वाढ लिहायला नकाशाच्या कडेला तीन लहान पट्ट्या आखा, म्हणजे मुलीलाही एका दृष्टीत समजेल.

एक विनंती. नियम एका पानावर लिहून काढा आणि एखाद्या शेजारच्या कुटुंबाला काहीही न समजावता खेळायला द्या. आपण तेथे बसा, पण बोलू नका. जेथे ते अडतील तेथे नियम अपुरा आहे असे समजावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

भावाची पट्टी आजच आखते. दिरांचे म्हणणे असे आहे की ग्वाल्हेरच्या मेळ्याची एक फेरी ठेवावी, जिच्यात श्योपूरच्या खेळण्यांना दुप्पट भाव मिळेल. मेळा हिवाळ्यात भरतो, म्हणून ती फेरी शेवटून दुसरी धरली आहे. शेजारच्यांना नियमांचे पान रविवारी देणार आहोत. काकांनी तेथे गप्प बसावे कसे, एवढीच चिंता आहे, म्हणून तूर्त त्यांना पाठवायचे नाही असे ठरले आहे. एक शंका उरते : रिकाम्या गाडीचे नाणे आणि लूपचे फुकट बटण या दोन्ही गोष्टी एकाच दानात मिळवता याव्यात, की दोन्हींपैकी एकच निवडावी लागावी? पुतण्या पहिल्या बाजूचा आहे, सासूबाई दुसऱ्या. आपले मत कळवावे.