युरोपात पाच-सहा देश फिरायचे तर रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावी?

भुसावळ_जंक्शन:
आमचा भाचा आणि त्याचे दोन दोस्त मे-जूनमध्ये 18 दिवस युरोपला जाऊ राहिले. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस. माझं मत, सरळ युरेल ग्लोबल पास घ्यावा, महिन्यात 7 दिवस प्रवासवाला. 33 देशांत चालतो, 27 वयापर्यंत 25 टक्के सूट आहे, आणि पोरांना मधेच वाटलं की साल्झबर्ग बघू, तर नवीन तिकीट न काढता जाता येतं. मी रेल्वे कॉलनीत वाढलो, पास खिशात असला की माणूस फलाटावर कसा बिनधास्त उभा राहतो हे लहानपणापासून बघितलंय.

धुळे_ताई:
भाऊ मला नाही पटत. तुमच्या यादीत प्रवास किती, तर पाच. मग 7 दिवसांचे पैसे कशाला भरायचे? पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम युरोस्टारला पास असूनही सीटचे वेगळे पैसे लागतात आणि पासवाल्यांसाठी सीटा मोजक्याच असतात, इटलीत फ्रेच्चारोसा या वेगवान गाडीत बसले तर तिथंही वेगळं रिझर्वेशन. माझ्या पोरीने जायच्या तीन महिने आधी वहीच्या पानावर दोन रकाने केले, एकीकडे पास अधिक रिझर्वेशन, दुसरीकडे सुटी तिकिटं, एक टप्पा फ्लिक्सबसने. सुटी तिकिटं स्वस्त पडली. आणि मधेच उतरायचं म्हणता, पण व्हिसाला मुक्काम कुठे ते दाखवावं लागतं, हॉस्टेल बुक असतं, मग उतरणार कुठे?

भुसावळ_जंक्शन:
ताई, हॉस्टेलं फुकट कॅन्सल होणारी बघून घेता येतात ना. आणि सर्वात स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, गाडी चुकली की पैसे गेले. पोरं पहिल्यांदा जाऊ राहिली भो, गाडी चुकणारच.

अमळनेर_ते_ड्रेस्डेन:
मी इथे जर्मनीत शिकतो. दोघांचंही अर्धं बरोबर. जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांत रिझर्वेशन सक्तीचं नाही, तिथे पास मोकळेपणाने वापरता येतो, फ्रान्समध्ये मात्र जपून. मागच्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून परत येताना पासवाल्यांचा कोटा संपलेला, मग लोकल गाड्या बदलत पूर्ण दिवस गेला, बॅगेत आईने दिलेल्या कळण्याच्या पुऱ्या होत्या तेवढाच आधार. म्हणून पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅमचं तिकीट आत्ताच सुटं काढा, बाकी चार टप्प्यांना 5 दिवसवाला पास पुरतो, साल्झबर्गला एक दिवस उरतोही. रात्रीची गाडी बाराच्या आधी धरली आणि मधे बदलली नाही तर पासचा एकच दिवस जातो. आणि इथे राहणाऱ्या आपल्या मुलांनी युरेल शोधू नका, आपल्याला इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांचा पास लागतो, पासपोर्ट कुठला ते नव्हे, राहण्याचा पत्ता बघतात.

धुळे_ताई:
हे पटलं. तरी चार टप्प्यांची सुटी तिकिटं एकदा बघाच, मग पास घ्या.

भुसावळ_जंक्शन:
बघतो आज रात्रीच. एक अडचण आहे, एका दोस्ताला 9 जूनला 28 पूर्ण होतात, त्याचं काय?

अमळनेर_ते_ड्रेस्डेन:
पास ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवसाचं वय धरतात. 8 जूनच्या आत सुरू करा, पुढे वाढदिवस आला तरी तोच पास चालतो.